धोंड्याच्या ताटातला विज्ञानाचा धडा

माझ्या सासऱ्यांइतका निर्लज्ज माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात झाला नाही, हे मी हात जोडून सांगतो. दिंद्रुडच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे. प्रजननसंस्थेचा धडा आला की बाकीचे मास्तर खोकायचे, खिडकीबाहेर बघायचे आणि "हा घरी वाचा" म्हणून पुढच्या धड्यावर उडी मारायचे. आमचे मामा (आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात) वर्षाची सुरुवातच त्या धड्यानं करायचे. फळ्यावर दोन वृषणं, तिथून वर चढणाऱ्या दोन शुक्रवाहिन्या, मूत्राशय, त्याखाली पुरःस्थ ग्रंथी, शिश्न, सगळं रंगीत खडूनं. मुली माना खाली घालायच्या, पोरं एकमेकांना कोपरं मारायची. मग मामा छडी आपटायचे. "हसू कावून येतंय बे? नाकाचं चित्र काढलं तर येतं का?" हेडमास्तर एकदा म्हणाले, निदान दार लावून शिकवा. मामांनी खिडक्यासुद्धा उघडल्या.

शाळा सुटली तरी मामांचा वर्ग सुटत नसे. न्हाव्याचं दुकान, एसटी, लग्नाची पंगत, काहीही चालायचं. लघवीला सारखं उठावं लागतं म्हणून एखादा म्हातारा कण्हला की मामा त्याला धरायचेच. "काका, मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी गाठ असती. लघवीची नळी तिच्यातून जाती. वय झालं की गाठ फुगती अन् नळी आवळती. करणी-बिरणी काई न्हाई, बीडला दाखवा." नसबंदीनं पुरुषाची ताकद जाते असं सिरसाळ्याच्या बाजारात एकजण बोलून गेला, तर त्याला मिरच्यांच्या ढिगाशेजारी उभं करून मामांनी सगळ्यांदेखत समजावलं, "पाट तोडला म्हणून विहीर आटती का? बीज तेवढं थांबतं. बाकी सगळं जागच्या जागी." मिरच्या विकणाऱ्या बाईनं तोंडाला पदर लावला. माझी बायको शैला सांगते, लहानपणी ती बापासोबत बाजारात जायची, पण ओळख नसल्यासारखी लांबून चालायची.

आता माझं ऐका. मी मांजरसुंब्याचा. हमरस्त्याला लागून आमची रबडीची भट्टी. सकाळपासून दिवे लागेपर्यंत कढईसमोर बैठक मारायची आणि दूध आटवायचं. गावात नुकताच केबल टीव्ही आला होता, त्यामुळे अंगात फॅशनची तंग जीन्स. लग्नाला पाच वर्षं झाली, पण पाळणा हलेना. शैलाला डॉक्टर झाले, देवऋषी झाले, उपास झाले, दंडाला ताईत झाले. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. माझी तपासणी करावी हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. मिशा असलेल्या माणसाची कसली तपासणी! शेवटी मायनं माझ्यासाठी दुसरी मुलगी बघितली. शैला गुपचूप आपली ट्रंक आवरायला लागली.

तेवढ्यात अधिक महिना आला. लेकीला आणि जावयाला धोंड्याचं बोलावणं आलं. पुरण भरलेले धोंडे, अनारसे, नवे कपडे, त्या दिवशी जावई म्हणजे साक्षात देव. माझी मायही सोबत होती. ताटं वाढली आणि मायनं तोंड उघडलं, "व्याही, हा शेवटचाच धोंडा समजा. शैला आता हितंच ऱ्हाईल."

सासूबाईंच्या हातातला तुपाचा वाडगा तसाच राहिला. मामा मात्र चिडले नाहीत. माझ्या ताटापाशी येऊन बसले, ताटातले दोन धोंडे शेजारी शेजारी ठेवले आणि कुरडईची एक तार मोडून वर लावली. "विहीणबाई, ही दोन वृषणं. बीज हितं तयार होतं अन् ह्या नळीनं वर जातं. आता मला सांगा, देवानं काळीज फासळ्यांत ठेवलं, मेंदू कवटीत ठेवला, मग ही दोनच बाहेर कावून लटकवली? कारण बीजाला गारवा लागतो. अन् आमचे जावईबापू दिवसभर जाळाम्होरं बसत्यात, तंग पँट घालून! तपासणी कुणाची करायची?"

मायनं डोक्यावरचा पदर पार हनुवटीपर्यंत ओढला. मी ताटावरून उठलो. धोंड्याच्या ताटावरून जावई उठणं म्हणजे पिढ्यानपिढ्या पुरेल असा अपमान. चपला हातात घेऊन तणतणत एसटी स्टँड गाठला.

मामा मागोमाग आलेच. माझ्याशेजारी बाकावर टेकले. त्यांचा आवाज इतका खाली येऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं. "जावईबापू, शैला मला जड न्हाई. पर तुमी दुसरी आणाल, तिच्याबी दंडाला ताईत बांधाल. तिच्या बापाला ह्यातलं काई ठावं नसंल, तर तिच्या बाजूनं कोण बोलंल? अन् तुमाला तरी कोण सांगंल?"

मला रडूच आलं. म्हटलं, "मामा, मला लई लाज वाटती."

"मंग मीबी देतो की तपासणीला. दोघं जाऊ."

आणि खरंच आले हो! बीडच्या लॅबमधल्या माणसानं वीर्य कुणाचं तपासायचं, म्हणून विचारलं. मामा ताठ उभे, "दोघांचं." तो म्हणाला, "आजोबा, तुमचं कशाला?" मामा कडाडले, "कशाला म्हंजे? माझं काय दुकान बंद झालंय का?" बाकड्यांवरची सगळी माणसं हसली, मामांना. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

माझ्या वीर्यात शुक्रजंतू फारच कमी निघाले. डॉक्टरांनी तपासलं, तर वृषणाभोवतीच्या शिरा फुगलेल्या. छोटं ऑपरेशन करू म्हणाले आणि भट्टीपासून लांब राहायला सांगितलं. मी मान खाली घालून बाहेर आलो, तर मामा पाठीवर थाप मारून म्हणाले, "माझंबी तसलंच निघालं, जेमतेम. काळजी करू नका, आपुन एकाच बाकावरचे." त्या एका वाक्यानं माझा जीव भांड्यात पडला. त्याच हिमतीवर घरी जाऊन मायला सांगितलं, "कमी माझ्यात हाय, शैलात न्हाई."  माय उठली आणि दुसऱ्या मुलीकडे नकाराचा निरोप धाडला.

ऑपरेशन झालं. मामांनी दोन सुती धोतरं पाठवली आणि बजावलं, "उतावीळ होऊ नका. नवं बीज पिकायला मुगाच्या पिकाएवढा वेळ लागतो." मूग आले, गेले, पुन्हा आले, आणि मग शैलाला दिवस गेले. आमची मुलगी आज मामांसारखीच मोठ्यानं बोलते.

मामा वारले तेव्हा ते डॉक्टर भेटायला आले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काय माणूस होता! त्यांचा रिपोर्ट ठणठणीत होता, तरण्या पोरासारखा. मला म्हणाले, जावयाला कळू देऊ नका." शरीराबद्दल उभ्या जन्मात एक शब्द खोटा न सांगितलेला माणूस, आणि माझ्यासाठी असा बेमालूम खोटं बोलला!

मी शैलाला सांगितलं. ती रडता रडता हसायला लागली. "माझ्या अण्णांना खोटं बोलताच येत नव्हतं. लगेच पकडले जायचे. तुमी कसे फसलात?"

काय सांगू तिला? त्या दिवशी मला फसायचंच होतं, मामा.