पातेल्याच्या कडेचं मीठ

सकाळी बटाटे उकडायला म्हणून मिठाचं पाणी गॅसवर ठेवलं आणि विसरले. पाणी पार आटलं, पातेल्याच्या बुडाशी पांढरं मीठ तेवढं उरलं. असं मीठ दिसलं की मला नववीतली सुनंदा आठवते.

प्रयोग साधा होता. वाळूत मिसळलेलं दहा ग्रॅम मीठ वेगळं काढायचं. पाण्यात विरघळवा, गाळा, आटवा. माझं काही केल्या नऊच्या वर जाईना. सरांची पाठ वळताच मी बरणीतलं मीठ बशीत टाकलं आणि दहा भरवले.

"बघा, असं निगुतीनं काम करावं!" सरांनी माझी बशी वर्गभर फिरवली. मग शेजारच्या सुनंदाला म्हणाले, "तुझं नऊच? कुठं सांडलंस?"

"नाही सांडलं, सर." एवढं बोलून तिनं माझ्याकडे बघितलं. बरणी उघडताना तिनं मला पाहिलं होतं. मी खाली मान घालून वहीत 'दहा' लिहिलं.

कितीही जपा, थोडं मीठ गाळायच्या कागदाला आणि बशीला चिकटून राहतंच, हे फार उशिरा कळलं. पुरेपूर दहा लबाडाचेच भरतात.

आज चमच्यानं पातेलं कितीतरी वेळ खरवडत बसले. तरी कडेला पांढरी रेघ राहिलीच. नव्हतं गं सांडलं तुझं, सुनंदा.