चौथ्या पाकळीच्या गाठी

गल्लीत सगळे तिला कातरमावशी म्हणत. कटवर्कचं कापड कुणीही भरलेलं असो, शेवटची कात्री तिचीच. नक्षीच्या कडेने काजाचे टाके घातलेले असतात. त्यांच्या गाठींची बारीक कड ज्या बाजूला, त्या बाजूचं कापड कातरून टाकायचं, की जाळी मोकळी होते. एक टाका कात्रीत सापडला तरी महिन्यांची मेहनत मातीत. तीस वर्षांत तिच्याकडून तसा सापडला नव्हता.

गेले दोन महिने मात्र ती कात्री भीतभीतच उचलायची. उजव्या डोळ्यावर सायीसारखा पडदा आला होता आणि डावाही त्याच वाटेने निघाला होता. घरात कुणाला पत्ता नव्हता. डाव्या अंगठ्याच्या नखाने ती गाठी चाचपायची आणि नखामागून कात्री न्यायची. कातरणं सुटलं तर या घरात आपण कोण, हा विचार तिला भर दिवसाही घाबरवायचा.

त्या दुपारी तिच्यापुढे धाकट्या जावेने सात महिने खपून भरलेला टेबलक्लॉथ पसरला होता. संध्याकाळी गिऱ्हाईक येणार होतं.

"ताई, गोगलगायीशी शर्यत लावलीय का आज?" खिडकीशी धागा गुंडाळत जाऊ म्हणाली.

"तुझ्या जिभेची धार या कात्रीला असती, तर केव्हाच उरकलं असतं."

जाऊ हसली. मावशी हसली नाही. मधल्या फुलाच्या चौथ्या पाकळीवर तिचं नख थबकलं होतं. पाकळीचं पोट कातरायचं, म्हणजे गाठी आत हव्यात. नखाला त्या बाहेर लागत होत्या. तिने पुन्हा चाचपलं. बाहेरच. जावेचा टाका उलटा पडला, की आता नखही फसवू लागलं? तसंच कातरलं तर पहिल्याच धुण्यात पाकळीचे धागे सुटणार. विचारलं तर बिंग फुटणार.

तिने कात्री खाली ठेवली. "इकडे ये गं. या गाठी कुठल्या बाजूला आहेत?"

"समोर तर आहेत. दिसत नाही का?"

"नाही," मावशी म्हणाली. "दिसत नाही."

जावेने वाकून पाहिलं आणि तिचाच चेहरा उतरला. "उलट्या घातल्यात मी."

तिने पाकळी उसवली, नव्याने भरली. मावशीने कात्री तिच्याकडे सरकवली. "आता तूच कातर."

"माझे सात महिने माझ्याच हाताने घालवू? तुम्हीच कातरा. मी बघते."

स्टूल ओढून ती खेटून बसली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मावशीने उघडपणे नख गाठींना टेकवलं. कानाशी जावेचा श्वास थांबला. कात्रीचं टोक कापडात शिरलं, वळलं, आणि पाकळीचं पोट अलगद गळून पडलं.

"पुढची," जाऊ हळूच म्हणाली.

अजून एकोणीस उरल्या होत्या.