गावपळणीत चालू राहिलेला लॅपटॉप
फोनवर 'तपासलं, चढवलं' असा मेसेज आला की मला अजून ओल्या झावळांचा वास येतो. त्या वर्षी आमच्या गावची गावपळण होती. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळ्यांनी वेशीबाहेर झावळांच्या खोपीत जाऊन राहायचं आणि देवाचा कौल मिळेपर्यंत गावात जीव म्हणून ठेवायचा नाही. आईने चुलीतला विस्तवसुद्धा विझवला होता. माझा जुना लॅपटॉप मात्र माजघरात चालूच राहिला. मी हौसेने लिहिलेला कोड कुठूनही पाठवला, की तो आपोआप तपासायचा, साइटवर चढवायचा आणि मला तसं कळवायचा. दुपारी खोपीत बसून मी माझ्या भरती-ओहोटीच्या साइटमधली एक बारीक दुरुस्ती पाठवली, आणि थोड्या वेळाने फोन वाजला. "कोणाचो?" आईने विचारलं. घरून आलाय, असं मी सहज बोलून गेले. भाकरी थापणारे तिचे हात थांबले. "घरात कोण आसा गो? कोणाक ठेवन इलंस?" मी समजावत राहिले, ती वेशीकडे बघत राहिली. तिचा चेहरा बघवेना, तेव्हा मी खोपीतूनच, फोनवरून, तो लॅपटॉप बंद केला. तरी कौल मिळून गाव पुन्हा भरेपर्यंत ती धड जेवली नाही. आता ती पुण्यात माझ्याकडे अंथरुणाला खिळून आहे आणि घराला कुलूप आहे. लॅपटॉप तेवढा आत चालू ठेवलाय. फोन वाजला की ती मान वळवून विचारते, "आसा मा गो कोणतरी घरात?"