मामांचं रबर आणि कॉलेजचं विमान

आमच्या कॉलेजचं विमान उडालं नाही, यात माझा काहीच दोष नाही. ते गेली कित्येक वर्षं उडतच नव्हतं. ते जागचं हललं नाही, एवढाच दोष माझा.

मी अंधेरीच्या एका कॉलेजात विमान दुरुस्तीचं शिक्षण घेतो. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. बाबा मुलुंडला रिक्षा चालवतात, त्यामुळे त्यांच्या स्टँडवर मी 'पायलट होणारा' म्हणून प्रसिद्ध आहे. (मी विमानं चालवणार नाही, दुरुस्त करणार, हे मी बऱ्याचदा सांगितलं. एकदा एक काका म्हणाले, "बरोबर आहे, आधी दुरुस्त करायला शिकायचं, मग चालवायला देतात." तेव्हापासून मी सांगणं सोडलं.)

कॉलेजच्या आवारात दोन सीटांचं एक म्हातारं विमान शेडमध्ये उभं आहे. आम्ही विद्यार्थी ते उघडतो आणि परत जोडतो. यंदा दसऱ्यानंतर पालकांचा मेळावा होता. त्या दिवशी एका हँगरचे मुख्य इंजिनीअर साठे साहेब येणार होते आणि आमच्या वर्गातून एकालाच प्रशिक्षणासाठी निवडणार होते. हँगर म्हणजे खरी विमानं. रात्री उतरणारी, सकाळी उडणारी! ती जागा मला इतकी हवी होती, की मी ते कुणाला सांगितलंही नव्हतं.

आमचे कामत सर मला म्हणाले, "विमानाचे दोन्ही ब्रेक मास्टर सिलिंडर तू नवे करून आण. मेळाव्याला विमान ढकलत बाहेर आणू, तू आत बसून साहेबांसमोर ब्रेक लावून दाखव. जमेल ना?"

"हो सर," मी म्हणालो. मला 'नाही सर' म्हणता येत नाही. हा या सगळ्या गोष्टीचा सारांशच आहे.

मास्टर सिलिंडर म्हणजे सायकलच्या पंपापेक्षा थोडी लहान नळी. आत पिस्टन, स्प्रिंग आणि रबराच्या काळ्या रिंगा. पायानं पेडल दाबलं की पिस्टन लाल तेल चाकाकडे ढकलतो आणि ब्रेक लागतो. पाय काढला की तेल परत येतं आणि ब्रेक सुटतो. डाव्या चाकाला एक, उजव्याला एक. दसऱ्याला वर्कशॉप बंद, म्हणून दोन्ही सिलिंडर आणि नव्या रिंगांची पाकिटं घेऊन मी घरी आलो.

उजवा सिलिंडर मी आदल्या संध्याकाळी जोडला. डाव्याचे सुटे भाग धुऊन, पुसून, वर्तमानपत्रावर मांडून ठेवले आणि दसऱ्याच्या सकाळी बाबांबरोबर रिक्षा धुवायला खाली गेलो. वर आलो तर वर्तमानपत्र रिकामं!

"आई, इथलं सामान?"

"पूजा केली," आई समाधानानं म्हणाली. "रिक्षाची पूजा होते, बाबांच्या पाना-पक्कडीची होते, मग तुझ्या हत्यारांनी काय पाप केलं?"

पाटावर पिस्टन होता, हळदीकुंकू लावलेला. स्प्रिंगच्या आत झेंडू खोचला होता. सिलिंडरला आपट्याची पानं वाहिली होती. आईनं पिस्टनला 'सुखी ठेव रे बाबा' असंही सांगून ठेवलं होतं.

"आणि त्या काळ्या रिंगा?"

"त्या चकत्या होय! फुलं उभी राहत नव्हती, म्हणून देठांना घातल्या. काय छान उभी राहिली होती!"

"राहिली होती म्हणजे?"

"अरे, पाणी शिंपडल्यावर मलूल झाली. शेजारच्या काकू निर्माल्य द्यायला खाली चालल्या होत्या, त्यांच्या पिशवीत घातली आणि दुसरी वाहिली."

मी जिना कसा उतरलो ते आठवत नाही. सोसायटीच्या गेटाजवळ निर्माल्याचा पिंप होता आणि त्यात अख्ख्या बिल्डिंगचा झेंडू. मी कोपरापर्यंत हात घातला. बाबाही आले. मग वॉचमन आला. मग दसऱ्याच्या नव्या कपड्यांत निम्मी सोसायटी आली.

"काय हरवलं रे? सोन्याचं काही?"

"नाही हो. विमानाचं रबर."

"कसलं?"

"ब्रेकचं!" बाबा अभिमानानं म्हणाले.

लोकांनी मनापासून शोधलं. एकाला रबरबँड सापडला, एकीला कुकरच्या शिट्टीचा भाग. एका आजोबांना कवळीचा चिमटा सापडला, पण तो त्यांचाच निघाला. आमच्या रिंगांपैकी एकच मिळाली, तीही गेटाबाहेर, गाडीच्या चाकाखाली येऊन चपटी झालेली. दरम्यान सोसायटीच्या ग्रुपवर 'आपल्या इथे विमानाचे भाग पडले आहेत, घाबरू नये' असा मेसेज फिरला. त्यानंतर सगळे घाबरले!

संध्याकाळी सोनं द्यायला मामा आले. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. भांडुपला रिक्षा-टेम्पोच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर असतात आणि आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चपटी रिंग दोन बोटांत धरून दिव्यासमोर नेली आणि म्हणाले, "हात्तिच्या! ह्यां तर आमच्याकडे डबो भरून आसा."

"मामा, ते गाडीच्या ब्रेकचं रबर. हे विमानाचं," मी म्हणालो. फार हळू म्हणालो.

"रबर तां रबर रे! तेका काय म्हाईत, तां रिक्षात हा का इमानात?"

बाबा हसले. आईही हसली. मीसुद्धा हसलो, तिथेच सगळं बिघडलं. कारण मला उत्तर माहीत होतं. गाडीचं ब्रेक ऑइल वेगळं, विमानाचं लाल तेल वेगळं. एका तेलासाठी बनवलेलं रबर दुसऱ्या तेलात टाकलं की फुगतं. परीक्षेत हाच प्रश्न आला होता आणि मी आकृतीसकट दीड पान लिहिलं होतं. सरांनी त्याखाली 'उत्तम' असा शेरा दिला होता. पण पेपर तपासणारे सर वेगळे. इथे समोर सोफ्यावर मामा बसलेले, हातात चहा, बशीत फाफडा.

"तुला काही अडचण आहे का?" बाबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

मामांनी दुकान उघडायला लावून रिंगा आणल्या. मापाला तंतोतंत बसल्या! मामांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की पिस्टन आपोआप आत गेला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात सिलिंडर बसवले. चाकाकडून तेल भरत भरत नळीतले बुडबुडे काढले. पेडल दगडासारखं कडक लागलं आणि पाय काढताच सुटलं. "झकास!" कामत सर म्हणाले. मला वाटलं, असेलही. मामांचा अनुभव मोठा आहे. पुस्तक लिहिणारा कधी भांडुपला गेला नसेल. मग दोन दिवस ते रबर लाल तेलात निवांत भिजत पडलं.

मेळाव्याला आमच्या घरून तिघं आले. आईनं पैठणी नेसली होती. मामांनी पांढराशुभ्र शर्ट घातला होता. वर्गातल्या मुलांनी विमान शेडमधून ढकललं, मी आत ताठ बसलो, आणि साठे साहेबांसमोर खडूची रेघ आली तेव्हा दोन्ही पेडलं दाबली. विमान बरोबर रेघेवर थांबलं. टाळ्या! "माझो भाचो!" हा मामांचा आवाज टाळ्यांच्याही वर ऐकू आला.

"छान," कामत सर म्हणाले. "आता मागे घ्या."

मी पाय काढले. मुलांनी जोर लावला. उजवं चाक फिरलं. डावं फिरलं नाही. त्यामुळे विमान मागे न जाता डाव्या चाकाभोवती गोल फिरायला लागलं, वडाच्या फेऱ्या घातल्यासारखं!

"ब्रेक सोड!" सर ओरडले.

"सोडलाय सर!"

शेपूट बटाटेवड्यांच्या टेबलावरून गेली. चटणीचं पातेलं वाचलं, पण चटणी वाचली नाही. ते बघून बाबा आणि मामा धावले. बंद पडलेली गाडी दिसली की आमच्या घरातली माणसं धक्का द्यायला धावतातच.

"गियरात हा काय रे?" मामांनी खालून विचारलं.

"मामा, विमानाला गियर नसतात!"

"मग अडाकलां कशाक!" म्हणत मामांनी असा रेटा दिला, की विमानानं अर्धी फेरी आणखी घातली आणि दोन्ही पंख पसरून कॉलेजच्या गेटात आडवं उभं राहिलं. साठे साहेबांची गाडी आत. गेट बंद. साहेबांनी घड्याळ बघितलं. माझं हँगर तेव्हाच गेलं, असं मला वाटलं.

"खालचा नट ढिला कर, दाब निघेल," सर म्हणाले. मी उडी मारून खाली आलो, डाव्या चाकाजवळचा नट ढिला केला. दाब निघाला. तो सगळा लाल तेलाच्या पिचकारीनं थेट मामांच्या पांढऱ्या शर्टावर निघाला.

"अगो बाय! रक्त!" आईनं किंकाळी फोडली. "दादा गेला माझा!"

"तेल आहे गं आई!"

"तेल आसा गो, मी आसंय!" मामाही म्हणाले, पण स्वतःला दोनदा चाचपून मगच.

चाक सुटलं. विमान बाजूला झालं. पण साठे साहेब गेले नाहीत. ते खाली वाकले, सरांकडून पाना घेतला आणि डावा सिलिंडर उघडून रिंग बाहेर काढली. ती भिजत घातलेल्या वालासारखी टम्म फुगून तेलाची परतीची वाट अडवून बसली होती.

"जुनं विमान आहे, साहेब," कामत सर गडबडीनं म्हणाले. "कधीकधी होतं असं."

मी काही बोलणार, तेवढ्यात मामा पुढे आले. "सायेब, ह्यां आमच्या दुकानातला रबर! एक नंबर माल. भांडुपात दुसऱ्या कोणाकडे गावाचां नाय."

कामत सरांनी डोळे मिटले. साठे साहेबांनी मामांकडे बघितलं, रिंगेकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

"हे रबर या तेलात फुगतं, तुला माहीत होतं?"

"हो सर."

"कसं काय?"

मी सांगितलं. दीड पान, आकृती सोडून.

"मग लावलंस कशाला?"

मी अवघड शब्द शोधत होतो, एकही सापडेना. शेवटी म्हणालो, "सर... मामा समोर बसले होते."

साहेबांनी पाना सरांना परत दिला. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि मामांना दिला. "माझे दोन आहेत," ते म्हणाले. "मामा." पुन्हा माझ्याकडे वळले. "हे हँगरमध्ये येणार आहेत का?"

"नाही सर."

"बोलावलात तर येयन," मामा शर्ट पुसत म्हणाले.

"सोमवारपासून ये," साहेब मला म्हणाले. "एकटा ये. आणि माहीत असेल ते समोर कोण बसलंय ते न बघता बोलायचं. चालेल?"

"हो सर!" मी इतक्या जोरात म्हणालो, की आई रडायला लागली आणि बाबांनी वडे वाटायला घेतले.

सोमवारी मी हँगरमध्ये गेलो. जाताना साहेबांचं ते वाक्य मनात घोकत होतो. तिथल्या सगळ्यांत जुन्या मेकॅनिकनी मला एक बोल्ट दाखवला, पाना हातात दिला आणि म्हणाले, "काढ." पाना बोल्टापेक्षा एक नंबर मोठा होता. मला बघताक्षणी कळलं. मी तोंड उघडलं, मान वर केली, बघितलं तर वय मामांएवढं, आवाज मामांसारखा, आणि गाव विचारलं तर मामांचंच, कणकवली!

जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी त्याच पान्यानं तो बोल्ट काढत होतो.