कोंडलेल्या उष्म्याचा शब्द

मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच, तेव्हा काही चुकलं तर माफ करा.

निपाणीत शिकताना मी मोबाईलवर चिनी भाषेचे पाठ घेत होतो. एप्रिलमध्ये उन्हाळ्याचा पाठ आला. उन्हाळा सरल्यावर परत येणाऱ्या उकाड्याला तिकडं शरदातला वाघ म्हणतात. हवा नसलेल्या, कोंडलेल्या उष्म्याला 'मनरअ'. हा शब्द मला लगेच पटला. बेळगावच्या वडगावात आमच्या हातमागाच्या खोलीत आप्पा, म्हणजे माझे वडील, भर उन्हाळ्यातही दारं-खिडक्या बंद ठेवतात, पंखा लावत नाहीत. वारा लागला की मागावरचा उभा ताणा सुकतो आणि रेशमाचे धागे तुटतात. फोनवर आप्पांना शब्द सांगितला तर म्हणाले, “त्येंच्यातबी माग असणार बघ.”

दुसऱ्या दिवशीचा शब्द 'झोंगशू', म्हणजे उष्माघात. तो घोकत असतानाच घरून थोरल्या बहिणीचा, आक्काचा फोन आला. “आप्पा मागावरच पडल्यात रं. अंग लई तापलंय, बोलंनात. दवाखान्यात न्हेतोय.”

बेळगावची बस मिळाली. फोन हातात होता, पण लावायचं धाडस होईना. मी घोकला म्हणूनच असं झालं, असं वाटत होतं. शब्द आपोआप तोंडात येई आणि मी ओठ घट्ट मिटून घेई.

संकेश्वर मागं पडल्यावर फोन वाजला. मी तो दोनदा वाजू दिला, मग उचलला.

“शुद्धीवर आल्यात,” आक्का म्हणाली. “डोळं उघडल्या उघडल्या इचारत्यात, खोलीचं दार कुणी उघडं टाकलं न्हाय न्हवं?”