सुटली का न्हाई, एवढंच सांगा!

मी लातूरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे, असं लग्नकार्यात कुणाला कळलं की लगेच खुर्ची जवळ ओढली जाते. "मॅडम, तुमच्याकडं लई भारी किस्से असतील की!"

असतात ना. ढीग पडलाय. एक विसरावा म्हटलं तर दुसरा दारात चपला काढत असतो. मी हसत सुरुवात करते, पण तिसऱ्या किश्श्यापर्यंत माझा आवाज असा चढतो, की लोक जिलेबी आणायच्या निमित्तानं उठतात!

तुम्ही बसा.

\* \* \*

निलंग्याकडचे एक गुरुजी पोराला घेऊन आले. पोरगं नववीतलं. सारखं मोबाइलवर गेम खेळायचं. फोन काढून घेतला तर ताट भिरकावायचं. गुरुजी आधी खिडकीशी गेले, बाहेर लाल पिचकारी मारली आणि मग बोलायला लागले, "ह्याचं याड काढा, डॉक्टरसाहेब. मी शाळेत दरवर्षी तंबाखूमुक्तीची शपथ देतो, आन् माझ्याच घरात हे!"

आमचे डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, जरा तोंड उघडा."

गुरुजींनी उघडलं. दोन बोटंसुद्धा आत जाईनात.

"अजून उघडा."

"एवढंच उघडतंय. भाकर कुस्करून खातो म्हणून चालतंय."

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. गुटखा आजपासून बंद, तोंडाची तपासणी लगेच, हे पुढं कॅन्सरवर जाऊ शकतं. गुरुजी ताडकन उठले. "पेशंट त्यो हाय, मी न्हाई!" पोराचं बखोट धरलं आणि चालते झाले. दोघंही परत आले नाहीत.

\* \* \*

देवणीकडचा एक बैलांचा व्यापारी. रोज प्यायचा. त्याच्या भावानं ऑनलाइन पावडर मागवली. पाकिटावर लिहिलेलं, 'न सांगता दारू सोडवा'. भावानं ती गुपचूप वरणात कालवली. व्यापारी जेवला, नंतर नेहमीसारखा प्यायला बसला. थोड्याच वेळात तोंड लालबुंद, ओकाऱ्या, छातीत धडधड, आणि मग बेशुद्ध!

असली औषधं पेशंटला सांगून, तपासून, डॉक्टरच्या देखरेखीखाली द्यायची असतात. न सांगता दिली आणि वर दारू गेली तर माणूस मरू शकतो. आयसीयूच्या दारात डॉक्टर हे सगळं भावाला समजावत होते. भावानं मान हलवली आणि विचारलं, "ते समदं ठीक हाय. पण सुटली का न्हाई, एवढंच सांगा!"

डॉक्टर ओरडले, "अहो, श्वास चाललाय का ते विचारा आधी!"

\* \* \*

लातूर म्हणजे क्लासेसचं गाव, हे तुम्हाला सांगायला नको. मेडिकलची तयारी करणारी एक मुलगी. झोप येऊ नये म्हणून मैत्रिणीकडून गोळ्या घ्यायला लागली. मग झोप येईना म्हणून दुसऱ्या गोळ्या. एक दिवस क्लासमध्येच कोसळली. आमच्याकडं आणली तेव्हा तिचे हात इतके थरथरत होते, की पाण्याचा ग्लास मी तिच्या ओठाला लावला.

वडील आले. डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं. गोळ्या हळूहळू बंद कराव्या लागतील, काही काळ अभ्यासाचा ताण नको. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, त्या गोळ्यांनी तिचे मार्क वाढले होते. परीक्षेपर्यंत चालू ठेवल्या तर?"

माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो फार हळू खाली ठेवला.

\* \* \*

देगलूरकडचं एक मजूर जोडपं. सीमेपलीकडून येणारा कल्लू, म्हणजे ताडी, दोघंही प्यायची. त्यात झोपेचं औषध मिसळलेलं असायचं, हे त्यांना काय माहीत! एकदा कल्लू यायचा बंद झाला आणि दोघांचीही अंगं कापायला लागली. दिरानं जीप केली, भावाला आमच्याकडं आणलं. बायकोला घरीच ठेवलं. तिला झटके आले, दातांत जीभ सापडली, तेव्हा कुठं शेजारणींनी तिला आणली.

मी दिराला विचारलं, "हिला तेव्हाच कामून नाही आणलं?"

"गडीमाणूस हाय, पितोच. बाईनं प्यावं का? चारचौघांत कसं सांगायचं?"

बाई पलंगावर पडून ऐकत होती. जीभ सुजलेली. तशीच बोलली, "मॅडम, एकाच लोट्यातनं प्यालो आमी. त्यो पेशंट, आन् मी अवदसा?"

 

\* \* \*

आता माणिकचं सांगते. मुरुडचा गवंडी. आमच्याकडं उपचार घेतले, मध्ये एकदा घसरला, स्वतःहून परत आला, आणि मग खरंच सावरला. पण गल्लीला ते पटेना. कामावर पाय घसरला तरी लोक म्हणायचे, "टाकून आलाय!" भाऊबंद पंक्तीत त्याच्या शेजारी बसायचे नाहीत. दारू सुटली, पण लोकांनी त्याला दारुडा म्हणायचं काही सोडलं नाही.

विश्वास ठेवायची पद्धत फक्त त्याच्या मायकडं होती. तिला डोळ्यांनी दिसायचं नाही. माणिक संध्याकाळी कामावरून आला की तिच्या खाटेशी वाकायचा आणि तिच्या नाकासमोर "हाऽऽ" करायचा. ती वास घ्यायची आणि म्हणायची, "जा, जेव."

माय गेली तेव्हा तो बाहेरगावी स्लॅबच्या कामावर होता. निरोप मिळाला तशी निघाले, म्हणून मी त्याच्या आधी पोचले. अंगण माणसांनी भरलेलं. माणिक गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरला. रडून डोळे लाल, पाय ठरत नव्हते. तोल जाऊन भिंतीला धडकला.

"बघा!" चुलता मोठ्यानं म्हणाला. "आज तरी प्यायची नव्हती!"

कुणीतरी फिसकन हसलं. चुलत्याला सुनवायचे शब्द माझ्या ओठावर आले होते.

माणिकनं कुणाकडंच बघितलं नाही. गर्दीतून वाट काढत तो मायजवळ गेला, गुडघ्यावर बसला. तिच्या नाकातला कापूस अलगद काढला. वाकला, आणि "हाऽऽ" केलं.

आणि तसाच वाकून थांबला.