वाकडी मध्यरेषा

आमच्या शाळेतले खेळाचे सर. मी सगळ्यात जास्त कुणाचा ऋणी आहे असं कुणी विचारलं, तर आईवडिलांच्याही आधी माझ्या तोंडी त्यांचंच नाव येतं, आणि आईवडिलांना त्याचं कधी वाईट वाटलेलं नाही. आज सकाळी कॉलेजच्या फाटकातून स्कूटर आत घेतली, तर मैदानावर धावपट्टीच्या रेषा आखायचं काम चाललं होतं. जयपूरच्या सीतापुरा औद्योगिक भागात या वेळेला कारखान्यांच्या पाळ्या बदलतात, हवेत डिझेलचा आणि कसल्याशा रंगाचा वास भरून असतो. त्या सगळ्याला बाजूला सारत चुन्याचा कोरडा, घशाला किंचित चावणारा वास आला आणि मी स्कूटर तिथेच थांबवली. एखाद्या वासाने जुने दिवस परत येतात तसे ते आलेच, पण त्यांच्या पुढे चालत त्या दिवसांतली भीती आली. खरं तर ती आठवडाभर माझ्याबरोबरच आहे. जवाहर नगरच्या घरातून निघालो की माझ्यामागे स्कूटरवर बसते आणि वर्गात गणित शिकवताना शेवटच्या बाकावरून माझ्याकडे बघत राहते.

कारण एवढंच, की उद्या आमच्या कॉलेजचा कबड्डीचा अंतिम सामना आहे. इथे रुजू झालो तेव्हा बोलण्याच्या ओघात मी कधीकाळी कबड्डी खेळायचो असं सांगून बसलो आणि संघाची जबाबदारी माझ्याकडे आली. आमचा कप्तान हाच पहिला चढाईपटू. जयपूर शहरातला, उंच, पायांत वाऱ्यासारखी चपळाई. स्पर्धेच्या सुरुवातीलाच त्याचा गुडघा दुखावला. त्याच्या जागी मी राखीव बाकावरचा मुलगा उतरवला. हा जयपूरजवळच्या बगरू गावचा, घरात पिढ्यान्‌पिढ्या कापडावर ठसे उमटवायचं काम, त्याच्या नखांच्या कडांना निळीचा रंग कायमचा बसलेला. त्याने आम्हाला अंतिम सामन्यापर्यंत आणलं. आणि आता कप्तान परत आला आहे, म्हणतो आहे गुडघा ठीक आहे. दोघांचंही हे शेवटचं वर्ष. उद्या विद्यापीठाच्या संघाची निवड करणारे लोक सामना बघायला येणार आहेत, आणि त्या संघात गेलेल्या मुलांना खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरी लागते हे इथे सगळ्यांना माहीत आहे. सुरुवात ज्याच्याकडून होईल तोच त्यांच्या डोळ्यांत भरणार. ती कुणाकडून करायची हे मी ठरवायचं.

फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर या प्रश्नाचा रोज निकाल लागतो आणि रोज तो फिरतो. आमचे ग्रंथपाल कप्तानाच्या बाजूचे. "चोट लगने से आदमी की जगह थोड़े ही चली जाती है," ते परवा म्हणाले. "मैं बीमारी की छुट्टी से लौटूँ और मेरी कुर्सी पर आप बैठे मिलें, तो?" त्यावर कार्यशाळेतले शिक्षक उसळले. "और जिसने यहाँ तक पहुँचाया, उससे क्या कहें? शुक्रिया बेटा, अब जा, सबको पानी पिला?" चहावाला पातेल्यात आलं किसत होता, मान वर न करता म्हणाला, "सरजी, फैसला कर ही दीजिए। आप लोगों की बहस में मेरा दूध फट जाएगा।" सगळे हसले. मीही हसलो. पण ग्रंथपालांची ती खुर्ची माझ्या मनातून हलेना. कुणाच्या तरी जागी बसलेला माणूस म्हणून ते सहज माझ्याकडे बोट करून गेले होते, आणि त्यांना कल्पनाही नव्हती की ते किती बरोबर आहेत.

आमच्या तालुक्याच्या गावी शाळेचं मैदान म्हणजे बाजार समितीमागची मोकळी काळी जमीन. सामन्याच्या आदल्या दिवशी आम्ही पोरं बादल्यांनी पाणी आणून ती भिजवायचो, खडे वेचायचो, आणि ऊन उतरल्यावर सर रेषा आखायला घ्यायचे. बाहेरच्या चारी रेषा ते स्वतः आखत. पाठीवर घामाने चिकटलेला पांढरा सदरा, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि हातात चुन्याच्या फक्कीचा डबा: एका जुन्या तेलाच्या डब्याच्या तळाला खिळ्याने भोकं पाडून केलेला. मधली रेषा मात्र ते कधीच आखत नसत. डबा एका मुलाच्या हातात देत आणि बाजूला उभे राहत. ज्याने मध्यरेषा आखली त्याने दुसऱ्या दिवशी पहिली चढाई करायची. संघ जाहीर करायची त्यांची हीच पद्धत होती. उद्या जी रेषा ओलांडायची ती आदल्या दिवशी आपल्याच हाताने घालायची. त्यावर चर्चा नाही, समजावणं नाही. डबा कुणाकडे गेला हे दिवेलागणीपर्यंत सगळ्या गावाला कळलेलं असे.

तो डबा वर्षभर एकाच मुलाकडे जात आला होता. तो माझ्या वर्गातला, आमच्या गावाचा लाडका. चढाईला निघाला की भिंतीवर बसलेली माणसं उठून उभी राहायची. मी त्याचा राखीव. तो दमला की मी, त्याला लागलं की मी. मला ते सोयीचंच वाटे, कारण बाकावर बसलेल्याला कुणी काही म्हणत नाही. जिल्ह्याच्या अंतिम सामन्याआधी तो तापाने आजारी पडला, मधले सामने मी खेळलो, कसेबसे जिंकलो, आणि ऐन वेळेला तो उठून आला. गावात तेव्हाही अशीच चर्चा झाली. केशकर्तनालयात झाली, बाजार समितीत पोती वाहणाऱ्या माझ्या वडिलांसमोर झाली. घरी येऊन वडील एवढंच म्हणाले, "तुला देतील असं लोक म्हणत्यात. दिलं तर सरांचं नाव घालवू नको." त्या दिवशी मी जेवलो नाही. मला डबा नको होता. तो मला मिळू नये म्हणून मी मैदानावर सगळ्यात मागे उभा राहिलो.

सरांनी चारी रेषा आखल्या, तापातून उठून आलेल्या त्याच्याजवळ गेले, त्याचा हात क्षणभर हातात धरला. मला वाटलं, दिला. मग ते सगळ्यांना ओलांडून मागे आले आणि डबा माझ्या हातात ठेवला. "चल," एवढंच म्हणाले. माझे हात इतके कापत होते की डबा मी न हलवताच फक्की सांडत होती. रेषा निघाली ती अर्ध्यात एका बाजूला झुकली, पुन्हा सावरली, आणि टोकाला पोचेपर्यंत पार वाकडी झाली. पोरं तोंडावर हात ठेवून हसली. मी पायाने पुसायला गेलो तर सर म्हणाले, "राहू दे. उद्या दोन्ही संघांना तीच आहे."

दुसऱ्या दिवशी त्या वाकड्या रेषेवरून मी पहिल्या चढाईला गेलो आणि पकडला गेलो. नंतर बरा खेळलो, काही लोकांनी चांगलाच खेळला असंही म्हटलं, पण आम्ही हरलो. गावाने सरांना बोल लावले. वेशीपासून शाळेपर्यंत लोक त्यांना थांबवून विचारत, चांगला घोडा बांधून ठेवून हे शिंगरू कशाला काढलंत? सर 'बरं, येतो' म्हणून पुढे निघत. आणि त्यानंतरच्या पहिल्या सरावाला, मी तोंड लपवून मागे उभा असताना, ते पुन्हा मागे आले आणि डबा पुन्हा माझ्याच हातात दिला. त्या हरलेल्या सामन्यातला माझा खेळ बघून जिल्ह्याच्या संघात माझी निवड झाली, त्यातून शहरातल्या कॉलेजात खेळाडूंच्या जागेवर प्रवेश आणि वसतिगृह मिळालं, आणि आमच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी पदवीधर झालं. तो, आमच्या गावाचा लाडका, गावातच राहिला. आज शाळेची बस चालवतो.

दोन वर्षांपूर्वी गावी गेलो तेव्हा त्याच्याच बसच्या पायरीवर बसून आम्ही शेंगा खाल्ल्या. मी उगाच तो विषय काढला. तो हसला. "अरे, माझा ताप कुठं उतरला होता? मी कुणाला सांगितलं नव्हतं. सरांनी हात धरला आणि त्यांना कळलं." आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "लेका, आता कशाला घाबरतोस? आता काय मी तुझी नोकरी मागणार नाही."

तो गमतीने बोलला. पण नोकरीच्या इतक्या वर्षांत मी नेमका त्यालाच घाबरत आलो आहे. प्रत्येक मुलाखतीत, प्रत्येक बढतीच्या वेळी मला वाटत आलं, की दार उघडेल, खरा माणूस ताप उतरून आत येईल, आणि कुणीतरी सौम्यपणे म्हणेल, उठा आता, यांची जागा आहे. सरांनी मला निवडलं ते माझ्या लायकीमुळे की त्याच्या तापामुळे, हे मला अजून माहीत नाही. सरांना विचारायचा धीर झालेला नाही.

काल दुपारी बगरूचा मुलगा माझ्या खोलीत आला. दारातच उभा राहून नखांवरची नीळ खरवडत म्हणाला, "सर, भैया को ही उतार दीजिए। मुझसे जो हुआ, किस्मत थी।" हे शब्द मी त्याच्या वयात मनातल्या मनात इतक्यांदा म्हटले होते की त्याचं पुढचं वाक्यही मला पाठ होतं. तो गेल्यावर थोड्या वेळाने कप्तानाला जिना उतरताना पाहिलं. कठडा घट्ट धरून, एकेका पायरीवर दोन्ही पावलं टेकवत. मला पाहताच कठडा सोडून सरळ झाला. "आदत हो गई है, सर, और कुछ नहीं।" त्याच्या डोळ्यांत माझ्याइतकीच भीती होती. निवड सोपी होण्याऐवजी मला त्या दोघांचीही दया येऊ लागली, आणि थोडी माझीही.

काल संध्याकाळी घरी मी कागदावर संघाची नावं लिहून खोडत बसलो होतो. माझी मुलगी इथेच वाढली, तिच्या मराठीत अर्धी हिंदी असते. तिने विचारलं, "बाबा, मतलब तुम्ही घाबरलात का? खेळायचं तर त्यांना आहे ना?" मी म्हटलं, "हो, घाबरलोय." तिला ते उत्तर आवडलं असावं, ती माझ्याजवळ येऊन बसली.

आज सरावानंतर निर्णय सांगितला, आणि घरी आल्याबरोबर सरांना पत्र लिहून पेटीत टाकलं. सरांना फोनवर नीट ऐकू येत नाही. ते पत्र असं:

"आदरणीय सर, साष्टांग नमस्कार.

इकडे मॅटवर खेळतात. मधली रेषा कारखान्यातूनच आखून येते, अगदी सरळ. त्यामुळे माझ्या हातात द्यायला डबा नव्हता, तोंडाने सांगावं लागलं. उद्या पहिली चढाई राखीव मुलगा करेल असं मी सगळ्यांसमोर म्हणालो आणि माझा आवाज कापला. पोरांना ऐकू गेला असणार. कप्तान खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला. त्याचा गुडघा बरा नाही, पण मी ते सगळ्यांसमोर बोललो नाही. बोललो असतो तर त्या दुसऱ्या मुलाला जन्मभर वाटलं असतं की जागा त्याला गुडघ्यामुळे मिळाली. कप्तानाला मी नंतर एकटं गाठून गुडघ्याचं कारण सांगितलं. तो रडला. उद्या माझ्या शेजारी बसेन म्हणाला. त्याच्यासाठी कुणाकुणाला भेटता येईल तेवढं भेटणार आहे. त्याचं काय होईल, मला माहीत नाही.

सर, त्या दिवशी माझ्याकडे चालत येताना तुम्हाला भीती वाटली होती का? मला तेव्हा तुमचे फक्त बूट दिसत होते.

हे पत्र तुम्हाला मिळेल तोवर सामना होऊन गेलेला असेल. आम्ही हरलो असलो, तर त्यानंतरच्या पहिल्या सरावाला मी पहिली चढाई पुन्हा त्याच मुलाला देणार आहे. माझं एवढंच ठरलेलं आहे.

आपला,
वाकडी रेषा आखणारा"